शेंडेफळाची साक्ष

एक कोंबडी आणि तिची चार-दोन पिल्ले. नादिया मुराद यांच्या 'द लास्ट गर्ल' या आत्मकथनात आपण पाऊल टाकतो ते याच पिल्लांच्या मागोमाग. २०१४चा उन्हाळा नुकता लागलेला आहे, उत्तर इराकमधल्या कोचो या यझिदी गावाच्या शिवारातून दोन शेतकऱ्यांना कुणीतरी पळवून नेले आहे, आणि नेताना सोबत एक कोंबडी आणि तिची पिल्लेही उचलली आहेत. माणसे का नेली हे गावाला कळते. खंडणीचे ते दिवसच होते. पण कोंबडी कशाला? गाव डोके खाजवत राहते. पुढे काही दिवसांनी एक मेंढपाळ नाहीसा होतो, तेव्हा त्याच्याबरोबर एक दांडगा मेंढा आणि एक कोवळे मादी कोकरू जाते. पुन्हा तेच कोडे. कुणी म्हणते, भूक लागली असेल त्यांना. आपणही वाचताना फारसे थांबत नाही. खेड्यातल्या गोष्टीत कोंबड्या-मेंढ्या असायच्याच, असे मनाशी म्हणून पान उलटतो.

आणि मग गाव पडल्यावर कोड्याचा अर्थ उलगडतो. इस्लामिक स्टेटचा एक माणूसच तो सांगतो. कोंबडी आणि पिल्ले म्हणजे तुमच्या बायका आणि मुले, मेंढा म्हणजे तुमचे वडीलधारे, आणि ते कोकरू म्हणजे तुमच्या मुली. आम्ही तुम्हाला आधीच सांगितले होते, असा त्याचा भाव. इथे आपण मागे येतो, पहिले पान पुन्हा उघडतो, आणि मघाशी अंगणात निरागसपणे दाणे टिपणारी ती कोंबडी आता आपल्याला तशी दिसत नाही.

या जागी मी दर वाचनात थबकतो. साहित्यात रूपक घडवणे हे लेखकाचे काम, असे आपण धरून चालतो. इथे रूपक घडवले आहे मारेकऱ्यांनी. जित्या प्राण्याची खूण केली, खुणेची धमकी केली, आणि धमकीची माणसे. नादिया मात्र उलट वाटेने जाते. तिच्या लेखनात अलंकार जवळजवळ नाहीतच. तिची कोंबडी कोंबडीच राहते, आईचा तंदूर तंदूरच राहतो, भावाचे नाव भावाचेच असते. ज्यांनी सजीवांच्या खुणा केल्या, त्यांच्या हातून ती एकेक वस्तू, एकेक माणूस सोडवून आणते आणि होती तिथे, होती तशी ठेवते. साऱ्या पुस्तकाची रसवत्ता मला या एका कृतीत साठवलेली दिसते.

(तिला 'त्या' न म्हणता 'ती' म्हणतो आहे. २०१८मध्ये डेनिस मुक्वेगे यांच्याबरोबर नोबेल शांतता पुरस्कार घेणाऱ्या नादिया मुराद आदराने 'त्या'च आहेत. पण पुस्तकातली नादिया एकवीस वर्षांची, घरातली धाकटी लेक आहे, आणि धाकट्या लेकीला आपण अहो-जाहो करत नाही.)

अशा पुस्तकाचे रसग्रहण करावे का, हा प्रश्न मनात येतोच. वंशसंहार, लैंगिक गुलामी, एका दिवसात गेलेले सहा भाऊ: याचा आस्वाद कसला? पण करुण हाही आपल्या परंपरेने रसच मानला आहे, आणि त्याचा स्थायीभाव शोक. शोकाला रस होण्यासाठी अंतर लागते, तोल लागतो, काय सांगायचे आणि कुठे थांबायचे याचे भान लागते. ते भान या पुस्तकात इतके आहे की वाचक म्हणून आपली जबाबदारी वाढते. नुसते हळहळून पुस्तक मिटणे हा त्या भानाचा अपमान ठरेल.

आता एक शब्द घेऊ. तो आपल्या ओळखीचा आहे: फरमान. शिवकाळातला पत्रव्यवहार चाळलेल्या मराठी वाचकाला फरमान म्हटले की शाही मोहोर उमटलेला बादशहाचा हुकूम आठवतो. यझिदींच्या बोलण्यात तोच शब्द निराळ्या अर्थाने वसला आहे. ऑटोमन काळात त्यांच्यावर चालून येणाऱ्या फौजांमागे असाच एखादा हुकूम असायचा, म्हणून हळूहळू हुकुमाचा शब्द कत्तलीचाच शब्द झाला. इतिहासात आपल्यावर त्र्याहत्तर फरमाने आली, असे समाजाची स्मृती सांगते, २०१४चे चौऱ्याहत्तरावे. कागदावरून सुटलेला एक राजशब्द आपल्याकडे दप्तरात जाऊन बसला, आणि तिकडे आजीच्या तोंडी, झोपवताना सांगायच्या गोष्टीत. 'जेनोसाइड' हा शब्द शिकण्याच्या कितीतरी आधी नादियाला हा शब्द येत होता. तिच्या समाजाचे सगळे प्राक्तन मला त्या चार अक्षरांत ऐकू येते.

आणि कशासाठी ही फरमाने? यझिदी एकाच ईश्वराला मानतात, आणि त्याने जगाचा कारभार ज्याच्या हाती दिला त्या तावुसी मेलेक या मयूररूपी देवदूताला पूजतात. पैठणीच्या पदरावर मोर नाचवणाऱ्या आपल्याला यात भिण्यासारखे काय आहे ते कळणार नाही. पण शेजारच्या धर्मकथांशी त्याची चुकीची सांगड घालून त्याला सैतान ठरवले गेले, आणि सैतानाच्या पूजकांना मारणे हे पुण्य ठरले. त्यांच्यात धर्मांतर करून कुणाला घेत नाहीत. यझिदी जन्मावे लागते. म्हणजे प्रत्येक फरमानातून जेवढे वाचले, तेवढेच पुढे उरले.

पुस्तकाचा पहिला भाग या उरलेल्यांच्या रोजच्या जगण्याचा आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. घाईच्या वाचकाला तो रेंगाळल्यासारखा वाटेल. बातमीतून आलेल्या माणसाला मोसुलमधली कैद हवी असते, सुटका हवी असते; नादिया त्याला आधी कोचोत बसवते, पाहुण्याला बसवावे तसे. मातीच्या विटांचे घर, उन्हाळ्यात गच्चीवर घातलेली ओळीने अंथरुणे, शेतातली कष्टाची कामे, आणि या सगळ्याच्या मध्यभागी शामी, तिची आई. अकरा मुलांची आई. नवऱ्याने दुसऱ्या बाईसाठी दूर केलेली, आणि तरीही प्रत्येक अडचणीतून हसण्यासारखे काहीतरी शोधून काढणारी. नादिया हे अकरावे, आईला खरे तर नको असलेले मूल. गर्भनिरोधनाला पैसे नव्हते म्हणून जन्मलेले. ही गोष्ट ती न लाजता, न चिडता सांगते, कारण पुढे तीच आईच्या अगदी गळ्यातली झाली. मराठीत तिला नेमका शब्द आहे: शेंडेफळ. पुस्तकाचे नाव ज्या अर्थाने ठेवले आहे तो उघड आहे. आपल्यासारखी कहाणी जिच्या वाट्याला आली अशी आपण शेवटची मुलगी ठरावे, एवढीच तिची मागणी. पण मराठी मनाला त्या शीर्षकात आणखी एक स्वर लागतो, घरातल्या शेवटच्या मुलीचा, सगळ्यांनी कडेवर घेतलेल्या त्या शेंडेफळाचा. आणि हा स्वर लागला की पुढचे सारे जास्त दुखते.

या मुलीची दोन स्वप्ने होती. एक, गावात ब्यूटी सलून काढायचे. त्यासाठी ती गावातल्या नववधूंचे फोटो जमवून एका अल्बममध्ये लावत असे; कुणाचे केस कसे वळवले, कुणाच्या डोळ्यांवर रंग कसा लावला, याचा अभ्यास म्हणून. हा अल्बम जरा हातात धरून पाहू. बाहेरच्या जगाच्या लेखी हे गाव नकाशावरचा ठिपकाही नव्हते. आणि इथे एक शाळकरी मुलगी आपल्या गावातल्या बायकांच्या सर्वांत आनंदाच्या दिवसाचे दप्तर ठेवत होती. पुढे त्याच बायका यादीतल्या संख्या होणार होत्या. त्यांचे सजलेले, थोडे अवघडलेले, हसू दाबलेले चेहरे जिने इतके निरखून पाहिले, तिला त्या संख्येत माणसे दिसत राहिली यात नवल नाही.

दुसरे स्वप्न इतिहासाची शिक्षिका होण्याचे. आणि इथे ती एक गोष्ट सहज सांगून जाते: तिच्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात यझिदी नव्हते. कुर्द होते ते राष्ट्राला धोका म्हणून. यझिदी तेवढ्यापुरतेही नाहीत. शिकवणे अरबीत, घरी कुर्मांजी, आणि पुस्तकात आपण कुठेच नाही. अशा पुस्तकावर प्रेम करणारी मुलगी ही मला या लेखनातली सर्वांत हृद्य प्रतिमा वाटते. मोठेपणी तिला वर्ग मिळाला नाही, फळा मिळाला नाही. पण तिने जो इतिहास लिहिला तो नेमका त्या पाठ्यपुस्तकातून गळलेला धडा आहे. जेना क्रायेस्की यांच्या साहाय्याने, इंग्रजीत, २०१७ साली. प्रस्तावना तिच्या वकील अमल क्लूनी यांची. बोलणे एका भाषेतले, कागद दुसरीचा, आणि आपण वाचतो तिसरीच्या संस्कारांनी. तरी तिचा आवाज कुठे फुटत नाही.

पुस्तकात आणखी एक शब्द येतो: किरीव. यझिदी मुलाची सुंता होते तेव्हा त्याला ज्याच्या मांडीवर धरतात तो त्याचा किरीव. आणि पुष्कळदा तो शेजारगावचा मुसलमान असे. त्या क्षणापासून दोन घरांत रक्तासारखेच नाते जुळते. कान टोचायला, जावळ काढायला बाळाला मामाच्या मांडीवर बसवणाऱ्या आपल्याला या मांडीची ऊब वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वाळवंटी सरहद्दीवरच्या दोन धर्मांनी एकमेकांशी बांधलेली ही किती शहाणी गाठ होती! २०१४च्या ऑगस्टमध्ये ती पुष्कळ ठिकाणी सुटली. काही शेजाऱ्यांनी डोळे फिरवले, काही हल्लेखोरांना सामील झाले, आणि नादिया हे लिहिताना स्वर चढवत नाही. मांडीवर बाळ घेतलेला माणूस कोण होता एवढेच ती आधी सांगून ठेवते. बाकीचे आपले आपल्याला ऐकू येते.

३ ऑगस्टला यझिदींच्या सिंजार भागावर इस्लामिक स्टेटचा हल्ला झाला. रात्रीतून कुर्दांचे पेशमर्गा सैनिक निघून गेले होते. उत्तरेकडच्या गावांतली माणसे सिंजारच्या डोंगरावर धावली. कोचो सपाटीवर, दक्षिणेला, डोंगरापासून फार दूर. जवळपास दोन आठवडे गाव वेढ्यात अडकून राहिले. आणि १५ ऑगस्टला सगळ्यांना गोळा केले ते शाळेत. नादियाच्या शाळेत. आपल्याकडे त्या सकाळी गावोगावच्या शाळांच्या पटांगणात झेंडावंदन चालले होते. तिकडे बायका-मुलांना वरच्या मजल्यावर, पुरुषांना खाली, आणि मग पुरुषांना गाड्यांत भरून गावाबाहेर नेले. गोळ्यांचे आवाज शाळेपर्यंत आले. ज्या इमारतीत ती इतिहासावर प्रेम करायला शिकली, तिच्याच खिडकीशी इतिहास असा येऊन उभा राहिला, आणि या योगायोगावर ती एक शब्दही जास्त खर्च करत नाही.

त्याच दिवशी बायकांना सोलाघला नेले. तिथल्या अंगणात नादिया आईच्या मांडीवर डोके ठेवून पडते. पुस्तकातली ही दुसरी मांडी. किरीवच्या मांडीवर समाजाने विश्वास ठेवला होता; या मांडीवर एका मुलीने शेवटचे डोके टेकले. थोड्या वेळाने तरुण मुलींना वयस्कर बायकांपासून वेगळे काढले गेले. शामी आणि तिच्या वयाच्या बायकांना तिथेच मारून पुरले, हे पुढे सामूहिक कबर सापडल्यावर जगाला कळले. लेखनकलेच्या दृष्टीने पाहायचे तर पहा, निरोपाचा संवाद तिने रचलेला नाही. असा प्रसंग हाती आलेला दुसरा कुणी आईच्या तोंडी चार वाक्ये घालता. नादिया आपल्याला मांडी देते आणि थांबते.

तरुण मुलींना पुढे जिथे नेले त्या मोसुलचा भाग मी इथे उलगडून सांगणार नाही. तो तिने सांगावा आणि आपण तिच्याकडून ऐकावा, हेच योग्य. एकच तपशील घेतो. मुलींचा बाजार मांडलेल्या त्या घरात एक धिप्पाड माणूस तिला निवडतो. ती जमिनीकडे पाहत बसलेली आहे. समोरून दोन किडकिडीत घोटे जाताना दिसतात, आणि ती चेहरा न पाहता त्या पायांवर झेपावते: मला तू ने, याच्याबरोबर पाठवू नकोस. कारण घोटे बारीक आहेत, म्हणजे माणूस कमी बलवान असेल. त्या एका क्षणात एकवीस वर्षांची मुलगी आपल्या बुद्धीने जेवढे करता येईल तेवढे करते. ते घोटे मोसुलच्या एका न्यायाधीशाचे होते, आणि तो त्या धिप्पाड माणसाहून कमी क्रूर ठरला नाही. पळून जाण्याच्या पहिल्या प्रयत्नाची शिक्षा म्हणून त्याने तिला पहारेकऱ्यांच्या हवाली केले. नादिया हे सांगते तेव्हा तिच्या गद्यात विशेषणे उरतच नाहीत. क्रियापदे उरतात. आणि त्या घोट्यांचा तपशील आपल्या डोळ्यांपुढून हलत नाही, कारण भयाची उंची जमिनीपासून किती असते ते त्यातून कळते: घोट्याएवढी. मान वर करता येत नाही तिथून जग एवढेच दिसते.

आणि मग दार. पुढे ती एका हातातून दुसऱ्या हातात विकली जाते, आणि अखेर एका घरात एकटी असताना तिला बाहेरचे दार कुलूपबंद नसल्याचे आढळते. केवढा साधा शोध! कैदेत दाराचे अस्तित्वच माणूस विसरतो. बंद आहे असे गृहीत धरतो. ती ढकलून पाहते. ज्या काळ्या अबायाने आणि नकाबाने तिला नावाविना केले होते, तोच अंधाऱ्या रस्त्यावर तिला झाकून नेतो. आता दुसरे दार: मोसुलमधले, अनोळखी, बाहेरून ठोठावायचे. आत कोण आहे हे तिला माहीत नाही. ती सगळे आयुष्य त्या एका टकटकीवर ठेवते. दार उघडते, आणि आत एक सुन्नी अरब कुटुंब आहे. ते तिला लपवते. पुस्तकात ज्याला नासेर म्हटले आहे तो त्या घरातला तरुण तिला आपली पत्नी असल्याच्या खोट्या ओळखपत्रावर, टॅक्सीतून, चौकीमागून चौकी ओलांडत कुर्दांच्या ताब्यातल्या भागापर्यंत पोहोचवतो.

या दारावर क्षणभर रेंगाळू. नादिया या घराची पूजा बांधत नाही, हे मला फार आवडते. तिची कृतज्ञता अपार आहे. पण तिच्या मनात एक प्रश्नही आहे, आणि तो ती गिळत नाही. शहरात एवढी घरे होती, मुलींच्या गाड्या रस्त्यांवरून दिवसाढवळ्या जात होत्या. मग एवढीच दारे का उघडली? उघडलेल्या एका दाराचे मोल तिला कळते म्हणूनच न उघडलेल्या दारांचा हिशेब ती मागते. कृतज्ञता आणि जाब एकाच पानावर, एकमेकांना न खोडता नांदतात.

सुटका झाली की आपल्याला वाटते गोष्ट संपली. पण कुर्द अधिकारी तिची कहाणी चित्रित करून घेतात, आणि चेहरा झाकण्याचे दिलेले वचन न पाळता ते चित्रण टीव्हीवर जाते. ज्याने वाचवले त्या नासेरचाच जीव धोक्यात येतो. तिच्या शब्दांवर इतरांचा हक्क किती लवकर प्रस्थापित होतो! बहुधा इथेच तिने ठरवले असावे की आपली गोष्ट आपणच सांगायची, आपल्या नावाने, आपल्या चेहऱ्याने. इतर अनेक यझिदी बायकांसारखा जर्मनीत आसरा, मग १६ डिसेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढची साक्ष, २०१६चा साखारोव पुरस्कार. तो तिच्याबरोबर विभागून मिळाला कोचोच्याच लामिया हाजी बशारला, जिने पळताना सुरुंगाच्या स्फोटात एका डोळ्याची दृष्टी गमावली.

यझिदींचे परमपवित्र स्थान लालिश. तिथे अनवाणी चालतात, आणि उंबरठ्यावर पाय देत नाहीत. ओलांडून आत जातात. आपल्या आज्यांनीही आपल्याला हेच शिकवले होते. समाजालाही असा एक उंबरठा होता. शतकानुशतकांचा दंडक असा की समाजाबाहेरच्या पुरुषाशी संबंध आला तर ती बाई समाजाला मेली. २०१४नंतर बाबा शेख या त्यांच्या धर्मगुरूंनी जाहीर केले की कैदेतून परतलेल्या मुली आमच्याच आहेत, पवित्र आहेत, त्यांना सन्मानाने घरात घ्या. लालिशच्या शुभ्र झऱ्याच्या पाण्याने त्या मुलींना पुन्हा न्हाऊ घातले गेले. एका प्राचीन, बंदिस्त समाजाने आपल्या मुलींसाठी आपला उंबरठा स्वतः खाली आणला. मात्र कैदेत जन्मलेल्या मुलांसाठी तो खाली आला नाही, आणि कितीतरी आयांना मूल की माहेर अशी निवड करावी लागली. हेही सांगितलेच पाहिजे. नादियाच्या पुस्तकाने शिकवलेला नेमकेपणा तोच आहे.

पुस्तक मिटले की मी पुन्हा त्या पहिल्या पानावर जातो. कोंबडी, पिल्ले, गोंधळलेले गाव. आता मला माहीत आहे त्या पिल्लांचा अर्थ काय लावला गेला. तरी मी प्रयत्न करतो, आणि तुम्हीही करून पाहा, की त्या पानावर ती पुन्हा नुसती कोंबडी दिसावी, कुणाच्या तरी अंगणातली, सकाळच्या उन्हात माती उकरणारी. आधी कोचो पाहा. घाई करू नका.

६ फेब्रुवारी २०२१ रोजी, कबरी उकरून ओळख पटवलेल्या १०४ यझिदींचे अवशेष कोचोला परत आणून पुरण्यात आले. त्यांत नादियाचे दोन भाऊ होते. पळवून नेलेल्या सहा हजारांहून अधिक बायका, मुली आणि मुलांपैकी अडीच हजारांच्या आसपास दहा वर्षांनंतरही बेपत्ताच होते.